फुलाचा अर्क आणि देहातला जीव

मराठी प्रवचनांत आणि कीर्तनांत देह व जीव यांचा संबंध सांगताना फूल आणि अत्तर यांचा दृष्टांत वारंवार दिला जातो. फूल सुकून जाते पण त्याचा अर्क कुपीत टिकतो, त्याप्रमाणे देह पडतो पण आत्मा उरतो, असा त्याचा सर्वसाधारण आशय असतो. तो ऐकणाऱ्याला तत्काळ पटतो, आणि जे तत्काळ पटते ते सहसा कोणी तपासून पाहत नाही. न्यायशास्त्राने मात्र दृष्टांताची अटच अशी घातली आहे की ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचे एकमत असते, तीच दृष्टांत म्हणून वापरता येते. अत्तराविषयी सामान्य माणसाची समजूत काय आहे हे उघड आहे. परीक्षकाची, म्हणजे प्रत्यक्ष भट्टी लावणाऱ्याची, आणि गंध वस्तूपासून वेगळा होऊ शकतो की नाही यावर शेकडो वर्षे वाद घालणाऱ्या दर्शनकारांची साक्ष काढल्याशिवाय मात्र हा दृष्टांत सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

या तपासणीसाठी सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख विशेष सोयीचा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठीभाषक असूनही मध्य प्रदेशातच राहिलेले आणि २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात असलेले हे दोन तालुके आता मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाले आहेत. एका अंगाला नागपूर आणि अमरावतीची संत्र्याची पट्टी, तर दुसऱ्या अंगाला बैतूलचे डोंगर अशी त्यांची जागा असल्यामुळे ज्याच्या फळाच्या सालीत तेल असते असे झाड इथे बागेत आहे, आणि ज्याच्या पात्यात व तुऱ्यात तेल असते असे रोशा गवत शेजारच्या डोंगरउतारांवर वाढते. सुगंधी तेल काढण्याच्या दोन मुख्य रीती, दाबून काढणे आणि वाफेने काढणे, या दोन वनस्पतींच्या आधारे समजून घेता येतात, आणि त्या रीतींत जो फरक आहे तोच या प्रश्नाचा गाभा आहे.

संत्र्याच्या झाडाचे पाणी काही आठवडे तोडून त्याला ताण दिला, आणि मग तो सोडला, की झाड फुलावर येते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया आणि पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग, असे दोन बहार इथला बागाईतदार धरतो. फुलाचा वास बागेबाहेरच्या वाटेवरही येतो, पण तेलाचा मोठा साठा असतो तो फळाच्या सालीत. सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, ज्या उजेडात धरल्यास नुसत्या डोळ्यांनीही टिपक्यांसारख्या दिसतात, आणि साल दुमडून दिव्याच्या ज्योतीपुढे दाबली तर उडालेला फवारा तडतडून पेटतो. हे तेल काढण्यासाठी उष्णतेची गरज नसते. सिसिलीत पूर्वी कारागीर साल हाताने स्पंजावर दाबत आणि स्पंज पिळून तेल गोळा करत. आता यंत्रात सालीवर टोचे मारून, पाण्याच्या फवाऱ्याने तेल धुऊन घेऊन, वेगाने फिरवून ते पाण्यापासून वेगळे केले जाते, आणि बाजारात त्याला ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणतात. या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो, तरीही संत्र्याचा म्हणून जो वास ओळखू येतो तो बराचसा उरलेल्या अल्पांशातील अल्डिहाइड वर्गाच्या द्रव्यांमुळे येतो. जे प्रमाणाने बहुतांश ते ओळखीने अल्पांश, अशी ही उलटी मांडणी पुढच्या विवेचनात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दाबून काढण्याच्या या रीतीवर उपनिषदांची मोठी भिस्त आहे. श्वेताश्वतर उपनिषदात आत्मा देहात कसा असतो हे सांगताना तिळातले तेल आणि दह्यातले तूप यांचे दाखले आहेत. कठोपनिषदात मुंज गवताच्या आवरणातून आतली काडी अलगद ओढून काढावी तसा आत्मा शरीरातून वेगळा ओळखावा असे सांगितले आहे. या सर्व दाखल्यांत एक गृहीत समान आहे, ते असे की जे बाहेर येते ते त्याच रूपात आत आधीच होते, आणि क्रियेने फक्त आड आलेले दूर केले. सांख्यांनी याच गृहीताला सिद्धांताचे रूप दिले: कार्य हे कारणात आधीपासून असतेच, म्हणून तर तेल तिळातून निघते आणि वाळूतून निघत नाही. या मताला सत्कार्यवाद म्हणतात. संत्र्याच्या सालीतले तेल पाहणाऱ्याला हा वाद बिनतोड वाटेल, कारण पिशवीत जे होते तेच फवाऱ्यात आले.

परंतु लिंबूवर्गातील झाडांनी या दाखल्यापुढे एक अडचण उभी केली आहे, आणि ती सहसा कोणी विचारात घेत नाही. या वर्गातील कडू नारंगीच्या एकाच झाडापासून सुगंधाच्या व्यापारात तीन वेगवेगळी तेले काढली जातात: फुलांपासून निरोली, पाने व कोवळ्या डहाळ्यांपासून पेतीग्रँ, आणि सालीपासून नारंगीचे तेल. तिन्हींची रासायनिक घडण वेगळी, वास वेगळा, किंमत तर फारच वेगळी. मग त्या झाडाचा अर्क कोणता? जो म्हणेल की फुलाचा तोच खरा, त्याला पानाचा आणि सालीचा वास खोटा ठरवावा लागेल, आणि त्यासाठी त्याच्याकडे महाग तेच श्रेष्ठ, या बाजारी निकषापलीकडे दुसरा आधार नाही. देहात एकच एक सार आहे असे दृष्टांताला सांगायचे असते. वनस्पती मात्र अवयवागणिक वेगळे उत्तर देते.

रोशा गवताची गोष्ट आणखी बोधक आहे. आयुर्वेदात रोहिष या नावाने ओळखले जाणारे हे गवत बैतूल, निमाड, खानदेश या सातपुड्याच्या पट्ट्यात रानोमाळ वाढते, आणि त्याचे तेल या भागातून मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जात असे. त्याचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसायला ते इतके सारखे की जाणकारालाही नुसते गवत पाहून चकवा बसावा, पण मोतिया पाणी न साचणाऱ्या कोरड्या उतारावर आणि सोफिया ओलसर सखल जागी वाढते व दोघांच्या तेलाचा कस अगदी वेगळा असतो. पावसाळ्याच्या अखेरीस गवत तुऱ्यावर आले की ते कापून, मोठ्या हंड्यात पाण्याबरोबर घालून, खाली जाळ लावत. हंड्याच्या तोंडातून निघणारी वाफ बांबूच्या नळीने वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाई आणि तिथे निवून पाण्यावर तेलाचा तवंग जमे. भरपूर थंड पाणी लागत असल्याने या भट्ट्या ओढ्यांच्या काठी लागत. अत्तरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कनौजची डेग-भपका (म्हणजे हंडा आणि वाफ निवण्याचे भांडे) पद्धत तत्त्वतः हीच आहे, फरक इतकाच की तिथे परंपरेने भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते आणि फुलाची वाफ त्यात जिरवली जाते.

वाफेने तेल काढण्यामागचे कारण समजून घेतले तर दृष्टांताची पुढची पायरी स्पष्ट होते. मोतिया रोशाच्या तेलाचा मोठा भाग असलेले जिरॅनिऑल हे द्रव्य एकट्याने तापवल्यास सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळते, आणि इतक्या उष्णतेत ते बिघडण्याचा धोका असतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. अशी दोन द्रव्ये एकत्र तापवली की दोघांच्या वाफेचे दाब जोडले जातात, आणि ती बेरीज हवेच्या दाबाइतकी होताच दोन्ही उकळू लागतात. त्यामुळे हे जड तेल १०० अंशांच्याही थोडे आधी, पाण्याच्या वाफेचा हात धरून बाहेर पडते. म्हणजे गंध इथे आपल्या बळावर देह सोडत नाही. त्याला नेणारे दुसरे कोणीतरी असते.

शिवाय जे भांड्यात उतरते ते गवतात किंवा फुलात जसे होते तसेच असते असेही नाही. गुलाबाच्या वासाला जे द्रव्य मोठ्या प्रमाणात कारण असते, ते फेनिल इथाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ करून पुन्हा निववण्याच्या या क्रियेत, बव्हंशी गुलाबपाण्यातच राहते, आणि म्हणून गुलाबाचे अत्तर आणि ताजे गुलाबाचे फूल यांचे वास एक नसतात. युरोपात औषधी मानल्या जाणाऱ्या कॅमोमाइल या फुलाचे तेल गडद निळे असते, पण तो निळा पदार्थ फुलात नसतोच. फुलातील एका रंगहीन द्रव्यापासून तो भट्टीच्या उष्णतेत तयार होतो. जाई किंवा मोगरा यांना तर ही उष्णता फारशी सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी चरबीवर फुले पसरणे किंवा हेक्झेनसारख्या द्रावकात ती बुडवणे या वेगळ्या रीती वापरल्या जातात, आणि एकाच फुलाचा द्रावकाने काढलेला अर्क व वाफेने काढलेला अर्क निरनिराळे निघतात. सत्कार्यवाद्याला यावर म्हणता येईल की बदललेले रूपही सुप्तपणे आधीच होते. तसे म्हणता येईल, पण मग भट्टी, पाणी आणि जाळ यांनाही कारणात जमा धरावे लागेल, आणि अर्क हा एकट्या फुलाचा राहणार नाही.

गंध वस्तूला सोडून जातो का, हा प्रश्न भारतीय दर्शनांत थेट आत्म्याच्या संदर्भातच आला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आत्मा अणुएवढा की सर्वव्यापी, अशी चर्चा आहे. आत्मा अणुएवढा असेल तर पायाला काटा रुतला आणि डोक्याला गार पाणी लागले हे एकाच वेळी कसे कळते, या आक्षेपाला एक उत्तर असे दिले आहे की चैतन्य हा आत्म्याचा गुण आहे आणि गुण आपल्या आश्रयाच्या बाहेरही पसरू शकतो. जसा फुलाचा गंध, जो फूल दूर असतानाही येतो. शंकराचार्यांच्या भाष्यात हे उत्तर पूर्वपक्ष म्हणून, म्हणजे पुढे खोडायचे मत म्हणून, मांडलेले आहे, आणि ते त्यांनी मोठ्या प्रामाणिकपणे मांडले आहे. पूर्वपक्षी म्हणतो की गंधाबरोबर फुलाचे कण निघून जातात असे मानले तर फूल हळूहळू झिजले पाहिजे, आणि तसे झिजलेले दिसत नाही. झीज फार थोडी म्हणून दिसत नाही म्हणावे, तर इतके सूक्ष्म कण इंद्रियांना जाणवणार नाहीत, आणि नागकेशराच्या फुलाचा वास तर ठळकपणे येतो. शिवाय लोक गंध हुंगला म्हणतात, द्रव्य हुंगले म्हणत नाहीत.

यावर आचार्यांचे उत्तर थोडक्यात असे आहे की गंध हा गुण आहे हे मान्य असेल तर तो आपल्या द्रव्यासहच फिरू शकतो. द्रव्याला सोडून फिरू लागला तर त्याचे गुणपणच संपले. पाण्यात किंवा वाऱ्यात गंध जाणवला तरी तो तिथे आश्रयाला आलेल्या पृथ्वीचाच समजावा, या अर्थाचे व्यासवचनही ते आधाराला घेतात. रामानुजाचार्यांनी मात्र तीच सूत्रे सिद्धांत म्हणून घेतली, कारण त्यांच्या मते जीव अणुरूपच आहे आणि त्याचे ज्ञान प्रभेसारखे बाहेर पसरते. आत्म्याच्या आकाराचा निकाल भट्टीवर लागण्याची शक्यता नाही. पण गंधाच्या बाबतीत मात्र तो लागलेला आहे. भट्टीचे भांडे म्हणजे पूर्वपक्षाच्या पहिल्याच विधानाचे खंडन होय, कारण तिथे गंध द्रव्य म्हणून थेंबाथेंबाने जमतो, मोजता येतो, विकता येतो, आणि ज्या फुलातून तो गेला त्या फुलात तो उरत नाही. किलोभर गुलाबतेलासाठी तीन-चार हजार किलो फुले लागतात, हे प्रमाण पाहिले तर झीज दिसत का नाही याचेही उत्तर मिळते: नाकाला जाणवायला जे पुरते ते तराजूला जाणवण्याच्या कितीतरी खाली असते. शंकराचार्यांची बाजू इथे निर्विवाद वरचढ आहे, आणि तिला या बाबतीत आधुनिक रसायनशास्त्राचाही पाठिंबा आहे, कारण वास येण्यासाठी त्या द्रव्याचे रेणू नाकातील त्वचेपर्यंत पोचावेच लागतात.

वैशेषिक दर्शनकारांची या विषयातील भूमिका मात्र तितकी टिकत नाही. त्यांच्या मते गंध हा फक्त पृथ्वी या द्रव्याचा विशेष गुण आहे, इतका की सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, आणि त्याच्या आधीच्या परंपरेतही, पृथ्वीचे लक्षणच गंधावरून केले आहे. मग दगडाला वास का नाही, असा आक्षेप घेतला जाई, आणि त्याला उत्तर असे की दगड भाजून त्याची राख केली की वास येतो, म्हणून दगडातही गंध आहेच, फक्त तो अनुद्भूत, म्हणजे प्रकट न झालेला आहे. योगायोग असा की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिच्यात वैशेषिकांना अडचणीत आणणाऱ्या दोन्ही वस्तू एकत्र येतात: गोटे, आणि पात्राच्या मध्यभागी रोवलेला पळस, ज्याच्या सुंदर पण निर्गंध फुलाची संस्कृत सुभाषितांनी विद्याहीन रूपवानाशी सांगड घालून कायमची थट्टा करून ठेवली. पांढुर्ण्याने मानाचे झाड म्हणून तेच निवडले, ही गोष्ट सुभाषितकारांना फारशी रुचली नसती.

पृथ्वीच्या गंधाची खरी कसोटी मातीच्या अत्तरात लागते. कनौजला भाजलेल्या मातीच्या खापऱ्या डेगीत घालून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवतात, आणि पहिल्या पावसाचा वास कुपीत येतो. पृथ्वीचा गंध पृथ्वीतून काढण्याचा याहून सरळ प्रकार कल्पिता येणार नाही. परंतु १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या वासाचा अभ्यास करून त्याला पेट्रिकोर असे नाव दिले, तेव्हा त्यांना आढळले की उन्हाळाभर कोरड्या दगडमातीने शोषून ठेवलेली तेलकट द्रव्येच पाऊस पडताच मोकळी होतात. मातीच्या ओल्या वासातला आणखी एक मोठा घटक, जिओस्मिन, हा मातीतील सूक्ष्म जिवाणू तयार करतात. पृथ्वीचा म्हणून जो गंध सर्वांत खात्रीचा वाटे, तो पृथ्वीने सांभाळलेला आहे, पण तिचा स्वतःचा नाही. पाण्यातला गंध मातीकडून उसना आलेला असतो असे म्हणणाऱ्या वैशेषिकांना मातीही उसनवारी करते हे मान्य करणे फार जड गेले नसते, पण लक्षण मात्र बदलावे लागले असते.

तिसरी रीत उरते, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ती सर्वांत फलदायी आहे. स्वच्छ केलेल्या तिळांचे थर आणि ताज्या फुलांचे थर एकाआड एक रचायचे, कोमेजलेली फुले काढून नवी घालायची, आणि तिळांनी पुरेसा वास धरला की ते घाण्यात घालून तेल काढायचे. या तेलाला फुलेल म्हणतात. इथे तेल एकाचे आणि वास दुसऱ्याचा. गंधशास्त्रावरील जुन्या संस्कृत ग्रंथांना ही क्रिया चांगली परिचित होती. गंगाधराच्या गंधसार या ग्रंथात सुगंधी द्रव्यांवरील सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन म्हणजे चूर्णाला द्रवाची पुटे देणे, पाचन म्हणजे बंद भांड्यात शिजवणे, बोध आणि वेध म्हणजे तीव्र द्रव्य मिसळून मंद गंध जागवणे व भेदणे, धूपन म्हणजे धुरी देणे, आणि वासन म्हणजे फुलांच्या सहवासाने वास चढवणे. यांत ऊर्ध्वपातनाला स्वतंत्र स्थान नाही, ही बाब महत्त्वाची आहे. मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे हे की याच हस्तलिखितात असलेल्या गंधवाद या दुसऱ्या ग्रंथावर जुन्या मराठीत टीका आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी या दोन ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९८९ मध्ये ते प्रसिद्ध केले. सुगंधाच्या कारागिरीवर मराठीत इतक्या आधी लेखन झाले होते, याचा पत्ता मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत फारसा लागत नाही.

फुलांनी वासवलेल्या या तिळाचा दाखला बौद्ध विज्ञानवाद्यांनी घेतला. चौथ्या शतकाच्या सुमाराच्या असंगाच्या महायानसंग्रहात, ज्याचे संस्कृत मूळ हरवले आहे आणि जो तिबेटी व चिनी भाषांतरांतून टिकला आहे, कर्माचे संस्कार आलयविज्ञानात, म्हणजे जाणिवेच्या तळाशी वाहणाऱ्या प्रवाहात, कसे साठतात हे सांगताना म्हटले आहे की फूल आणि तीळ एकत्र राहतात, फूल नाहीसे होते, आणि तीळ मात्र त्या फुलाचा गंध घेऊन राहतो. या संस्कारांनाच वासना म्हणतात. बौद्धांना इथे नित्य आत्मा सिद्ध करायचा नव्हता, उलट तो नाकारूनही कर्माचे फळ कर्त्यापर्यंत कसे पोचते हे दाखवायचे होते. त्यांनी दृष्टांताकडून तेवढेच मागितले जेवढे तो देऊ शकतो: सहवासाने लागलेला, मूळ निघून गेल्यावरही काही काळ टिकणारा, आणि पुढे नेता येणारा परिणाम.

आता मूळ प्रवचनातल्या दृष्टांताकडे वळले तर त्याचा उगम बहुधा गीतेच्या पंधराव्या अध्यायात शोधावा लागेल. तिथे देह सोडताना आणि नवा देह घेताना जे घडते त्याला वाऱ्याने गंध नेण्याची उपमा दिली आहे. लोकांच्या समजुतीत या उपमेतला गंध म्हणजे आत्मा ठरला. श्लोकात मात्र वारा ही जीवाची जागा आहे, आणि गंध म्हणजे मनासह सहा इंद्रिये, जी तो जीव एका देहातून दुसऱ्या देहात बरोबर घेऊन जातो. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतही या ठिकाणी अर्थ असाच धरला आहे, आणि ज्ञानदेवांनी जोडीला दिलेले दाखलेही त्याच घाटाचे आहेत: अपमानित होऊन परतणारा अतिथी यजमानाचे पुण्य नेतो, मावळता सूर्य लोकांची दृष्टी नेतो. प्रत्येक दाखल्यात नेणारा वेगळा आणि नेले जाणारे वेगळे आहे. जे नेले जाते ते कधीच आत्मा नाही.

हे ध्यानात घेतले की भट्टीवरून मिळालेली सगळी साक्ष एकाच दिशेने बोलू लागते. काढलेला गंध हे द्रव्य आहे, त्याला नेण्यासाठी वाफ, वारा किंवा तीळ असा वाहक लागतो. तो काढण्याच्या रीतीनुसार बदलतो. एका झाडात तो अनेक आहे. आणि उघड्यावर ठेवला तर तो उडून संपतो. अद्वैत वेदान्ताने आत्म्याविषयी केलेली एकही प्रतिज्ञा याला लागू पडत नाही, कारण आत्मा द्रव्य नाही, विकारी नाही, अनेक नाही आणि नाशवंत नाही असे त्याचे म्हणणे आहे. याउलट सूक्ष्म देहाविषयी, म्हणजे प्राण, इंद्रिये, मन आणि बुद्धी यांच्या त्या गाठोड्याविषयी जे वासना घेऊन फिरते असे मानले आहे, वेदान्त जे जे सांगतो ते सर्व याला लागू पडते. रोशाच्या तेलाची व्यापारातली कुप्रसिद्धीही इथे उपयोगी पडते: त्यातले जिरॅनिऑल आणि गुलाबातले जिरॅनिऑल हे एकच द्रव्य असल्यामुळे तुर्कस्तानात ते गुलाबतेलात भेसळ म्हणून मिसळले जाई, आणि एकदा मिसळले की त्या द्रव्यावरून हे गवताचे की फुलाचे हे सांगता येत नसे. अर्कात मूळ व्यक्तीचे नाव उरत नाही. जो दृष्टांत अमुक एका माणसाचा आत्मा मरणानंतर त्याच माणसाच्या ओळखीसह टिकतो असे सुचवतो, त्याला तर हा अर्क उघडपणे विरोधात साक्ष देतो.

मग आत्म्यासाठी गंधाचा दाखला निरुपयोगीच का? ज्ञानदेवांनी तो अमृतानुभवात वापरला आहे, पण तिथे काढण्याचा प्रश्नच ठेवलेला नाही. सत्, चित् आणि आनंद हे तीन नसून एकच आहेत हे दाखवताना त्यांनी सोन्याची कांती, कठीणपणा आणि सोनेपणा यांच्यासोबत कापराचा शुभ्रपणा, सुगंध आणि मृदुता यांचा दाखला दिला, ज्यात गंध वेगळा करायला गेले तर कापूरच उरत नाही. नवव्या प्रकरणाच्या आरंभी तर ते सुगंध स्वतःच नाकवाला झाला, असे अशक्यप्राय चित्र उभे करतात, म्हणजे भोगणारा आणि भोग्य हा भेदच मिटवतात. अशा गंधाला भट्टी लावता येत नाही. जे काढता येते ते आत्मा नव्हे, हा निकष त्यांच्या मांडणीतून निघतो, आणि तो कठोपनिषदातील मुंज गवताच्या काडीच्या दाखल्यालाही अडचणीत आणतो. शंकराचार्यांच्या परंपरेने ती काडी ओढणे म्हणजे विवेक, म्हणजे केवळ जाणून घेणे, असा अर्थ घेऊन ती अडचण सोडवली आहे.

पूजेतल्या गंधाविषयी एक छोटी बाब यातच येते. हुंगलेले फूल देवाला वाहत नाहीत, तेव्हा ज्याचा गंध यंत्राने काढून घेतला ते अत्तर चालावे की नाही, असा प्रश्न काही घरांत विचारला जातो. पंचोपचारांत गंध म्हणून जे उगाळलेले चंदन वाहतात, ते सहाणेवर पाण्यासह उगाळलेले अख्खे लाकूडच असते, त्यातून काहीही वेगळे केलेले नसते. आणि मानसपूजेत तर गंध म्हणजे पृथ्वी, पुष्प म्हणजे आकाश, धूप म्हणजे वायू असे मानून पाच तत्त्वेच अर्पण केली जातात. हुंगणे निषिद्ध आहे ते उपभोगाच्या भावनेमुळे, काढून घेण्याच्या क्रियेमुळे नव्हे, म्हणून नैसर्गिक अत्तराला या नियमाची आडकाठी नाही. याच मुलखातल्या जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीला शेंदूर आणि तेल वाहणाऱ्याने ते तेल कोणत्या घाण्यातून आले, याची चौकशी करावी असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

अत्तराचा दृष्टांत कीर्तनातून काढून टाकण्याचे कारण नाही, पण तो आत्म्याच्या नावावर देणे सोडून वासनेच्या नावावर द्यायला हवा. तसे केल्यास तो न्यायशास्त्राच्या अटीतही बसतो, कारण त्या अर्थाने भट्टीवाला, असंग, शंकराचार्य आणि ज्ञानदेव यांपैकी कोणाचाही त्याला विरोध उरत नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला सातवा आणि आठवा हे दोन श्लोक सुटे न वाचता एकत्र वाचले, तर वाचकाला हा अर्थ दुसऱ्या कोणत्याही टीकेशिवाय दिसेल.